मालाले इचारा

आमच्या पांढुर्ण्यात एक गाडी आहे, ती संत्री चालवतात.

थट्टा नाही करत. समोरून येणाऱ्याला तसंच दिसतं. निळी, लांब नाकाची, जमिनीला पोट टेकेल इतकी ठेंगणी गाडी बैलाच्या चालीनं येते, आणि उजव्या हाताला, जिथं आपल्याकडे चालवणारा बसतो, तिथं पट्टा बांधलेला एक क्रेट बसलेला असतो. क्रेटमध्ये पिकलेली संत्री. बाहेरगावच्या माणसाचा तिथंच ठोका चुकतो. एकदा एका ट्रकवाल्यानं ट्रक कडेला घेतला, खाली उतरला, चपला काढल्या आणि हात जोडून उभा राहिला. गाडी अगदी जवळ आली तेव्हा त्याला दिसलं की डाव्या बाजूला पांढरी टोपी घातलेला एक माणूस दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलाय. गाडी इटलीची आहे. तिचं स्टिअरिंग डावीकडे आहे. एवढीच काय ती भानगड.

तो टोपीवाला माणूस म्हणजे आमचे शेजारी मारोतराव बोंडे. आडनाव बोंडे असलं तरी शेतात कपाशीचं एक बोंड सापडायचं नाही, सगळा बगीचा संत्र्याचा. त्यांच्या आणि आमच्या अंगणात कमरेइतकी भिंत आहे. मी शाळेत मास्तर आहे, पण माझं स्वतःचं निम्मं शिक्षण त्या भिंतीवर कोपरं टेकून झालेलं आहे.

संत्रावाल्याला जन्मभर एकच धास्ती असते, वाटेत माल दबण्याची. झाडावर बघत राहावं असं वाटणारं फळ चार खड्ड्यांतून गेलं की मंडीत त्याला कुणी हात लावत नाही. मारोतरावांनी ही धास्ती उचलून तिचं तत्त्वज्ञान केलं. रस्ता चांगला की वाईट, ड्रायव्हर शहाणा की येडा, नवा बैल चालीचा की अडेल, कशाबद्दलही मत विचारा, ते एकच उत्तर देतात. "मले काय इचारता? मालाले इचारा."

आमच्या भागातल्या एका रस्त्याचं उद्घाटन होतं. पाहुण्यांनी रस्त्याची इतकी तारीफ केली की ऐकताना आपण त्याच रस्त्यानं आलो यावर विश्वास बसेना. मारोतराव पहिल्या रांगेतून उठले, क्रेट घेऊन मंचासमोर गेले आणि तो सतरंजीवर उलटा केला. वरची संत्री गडगडत गेली, खालच्यांचा रस सतरंजीत मुरला. "साहेब, आपली काई तक्रार नाई," मारोतराव म्हणाले, "मालाले इचारा, बस." साहेबांनी भाषण आटोपतं घेतलं.

मुलीचं लग्नही त्यांनी असंच ठरवलं. पुष्पासाठी सौंसरचं स्थळ आलं होतं. पंपाचं दुकान, घर बरं, मुलगा शांत. इतर बाप जमीन विचारतात, पगार विचारतात. मारोतरावांनी विचारलं, "मोटरसायकल हाय काय?" हो म्हटल्यावर मागं क्रेट बांधून दिला आणि म्हणाले, "सौंसरले जा अन् वापस ये." पोरगा भर उन्हात गेला आणि आला. पोहे-चिवड्याच्या बश्या तशाच राहिल्या, मंडळी एकमेकांची तोंडं बघत बसली, आणि मारोतराव ओसरीत मांडी घालून एकेक संत्रं डोळे मिटून दाबून बघत होते. शेवटचं फळ खाली ठेवून ते म्हणाले, "संभाळून नेईन पोरगा." लग्न ठरलं. खरं सांगायचं तर निकाल चुकलाही नाही, असा जावई मिळायला नशीब लागतं.

अशा माणसाकडे इटलीची गाडी कशी आली, हा आमच्या गावाचा आवडता विषय.

नागपुरात एका जुन्या मालगुजार जमीनदाराच्या बंगल्यात मारोतराव कलमं बघायला म्हणून गेले होते. तिथं गॅरेजमध्ये ही गाडी धूळ खात पडली होती. आत कोंबड्या अंडी घालत होत्या. मारोतराव गेले कलमांसाठी आणि आले गाडी घेऊन. संत्र्याच्या ट्रकमध्ये चढवून, चारही बाजूंनी भाताचं तणस कोंबून, वरून ताडपत्री बांधून त्यांनी ती आणली. गल्लीत ट्रक थांबला तेव्हा सगळ्यांना वाटलं, एवढा माल मंडीतून परत कसा आला? तणस उपसता उपसता आधी एक दिवा निघाला, मग ते लांबलचक नाक निघालं. बैल गोठ्याबाहेर गेले, गाडी गोठ्यात आली.

बॉनेटवर एक नाव लिहिलं होतं. मला मास्तर म्हणून ते वाचायला बोलावलं. मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा वेगळं वाचलं. तेव्हापासून गाव तिला नुसतं 'इटाली' म्हणतं.

गाडीचा थाट मात्र विचारू नका. स्टिअरिंग लाकडाचं, गुळगुळीत. समोर घड्याळांची रांग. पुढे दोन ऐसपैस खुर्च्या आणि मागे बसायला इतकी कमी जागा की बसणाऱ्यानं पाय घरी ठेवून यावं. ही जात म्हणे दोन माणसांनी लांबलांबचा प्रवास आरामात करावा म्हणूनच घडवलेली, वेगानं आणि तरी अंगाला धक्का न लागता. वेगाच्या घड्याळातला काटा कुठल्या कुठं जाऊ शकतो. मारोतरावांनी त्याला पहिल्या आकड्याच्या पुढे पाऊल टाकू दिलं नाही. जामसांवलीच्या देवळातला मारोती निजलेला आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमचा मारोतीही त्या वर्षांत उभा असा कमीच दिसला. बघावं तेव्हा गाडीखाली निजलेला. नागपूरचा मिस्त्री येऊन काय ते करून जाई, की हे पुन्हा खाली सरकत. गोटमारीच्या दिवशी, म्हणजे दोन काठांवरची गावं एकमेकांवर दगड मारतात त्या जत्रेला, सगळं गाव जाम नदीकडे धावतं, पण हे गाडीवर घरातल्या सगळ्या गाद्या अंथरून दाराशी बसून राहत. नदी चांगली लांब आहे हो, म्हटलं तर म्हणत, "मास्तर, गोट्याचा काय भरोसा?"

गाडी चालू झाली आणि खरं कोडं सुरू झालं. दर आठवड्याला मारोतराव सगळ्यात नाजूक, हात लावला तर दबेल अशी संत्री निवडत, उजव्या खुर्चीवर ठेवून पट्टा बांधत आणि सौंसरला जात. आणि तीच संत्री घेऊन परत येत! विकत नाहीत, कुणाला देत नाहीत. संत्र्यांना हवा खाऊ घालून आणतात, एवढंच म्हणता येईल. संत्र्याचा हंगाम नसला तर टमाटे. वाटेत गतिरोधक आला की खाली उतरून त्याच्या अलीकडे-पलीकडे तणसाची पोती टाकायची, गाडी वरून न्यायची, पुन्हा उतरून पोती उचलायची. मागे बस, ट्रॅक्टर, वरात, सगळे थांबलेले.

गावानं तर्क लढवले. कुणी म्हणे नवस आहे. कुणी म्हणे संत्र्यात सोनं लपवून नेतात. मी जरा शिकलेला, म्हणून माझा तर्क असा की माणसाचं डोकं फिरलंय.

मला त्या गाडीत एकदा बसायचं होतं, हेही सांगून टाकतो. नुसतं बसायचं नाही, चालवायची होती. मी भिंतीवरून आडून विचारलं, उघड विचारलं, दिवाळीच्या फराळासोबत विचारलं. मारोतराव किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधत आणि म्हणत, "मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. तुमी माल नोहे." एखाद्याला यापेक्षा सभ्य शब्दांत हाकलता येणार नाही.

मग एकदा पुष्पाचा सौंसरहून माझ्या बायकोला फोन आला. "काकू, बाबाले काई झालं काय वो? आमच्या गल्लीच्या तोंडाशी येतेत, लिंबाखाली गाडी उभी करतेत, संत्रे दाबून पायतेत अन् वापस जातेत. घरात चहाले पण येत नाई. मी हाका मारून राहिली तं म्हणे, आज नाई, खालचे दोन दबले."

बायकोनं फोन ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मास्तरकीचा राजीनामा द्यावा. "तुम्हाला अजून कळलं नाही?" ती म्हणाली. "इंदूकाकूंना गाडी लागते."

इंदूकाकू म्हणजे मारोतरावांची बायको. आणि गाडी लागते म्हणजे साधीसुधी नाही. बस, जीप, रेल्वे, काहीही असो, चाक फिरलं की काकूंच्या पोटात ढवळलंच. लिंबू हुंगून झालं, आवळासुपारी झाली, पोटाला वर्तमानपत्र बांधून झालं. गोळी दिली तर काकू झोपल्या, आणि झोपेतून उठून ओकल्या. लहानपणापासूनचंच दुखणं. त्यांच्या वडलांनी म्हणे स्थळं शोधताना एकच अट घातली, पोरगी पायी जाईल तिथंच द्यायची. म्हणून सावरगावची ही मुलगी नदी ओलांडून पांढुर्ण्यात दिली. माहेर पुलापलीकडे, सासर पुलाअलीकडे, आणि सगळा संसार या दोन टोकांत. पुष्पाचं लग्न झालं, दोन मुलं झाली, तिनं भाड्याची घरं बदलली, पण लेक कुठं राहते ते आईनं कधी बघितलं नाही.

आता पुष्पानं सौंसरला स्वतःचं घर बांधलं होतं. नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालायचं असतं. पुष्पा हट्टाला पेटली होती. दूध उतू घालीन तर आईच्या हातानं, नाहीतर घर तसंच राहील. घर बांधून तयार, रंग वाळून गेला, आणि पोरगी अजून भाड्याच्या घरात आईची वाट बघत बसलेली.

त्या बंगल्यात गाडी दाखवताना मालगुजाराचा नातू सहज म्हणाला होता की आमची आजी हिच्यात बसून मुंबईपर्यंत गेली, तिची झोपसुद्धा मोडली नाही. मारोतरावांनी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं होतं, "पक्कं? मंधात उतरा लागलं नाई?" बाकी गाडीचं त्यांनी काहीच विचारलं नाही, इंजिनसुद्धा नाही.

हे कळल्यावर मी गोठ्यात जाऊन ती गाडी पुन्हा बघितली. उजव्या खुर्चीत सावरीचा मऊ कापूस भरून नवं कातडं शिवलेलं होतं. डावीच्या स्प्रिंगा तशाच वर आलेल्या, त्यावर घडी घातलेलं पोतं. इतकी वर्षं मी भिंतीवरून काय बघत होतो कोण जाणे. मला मारोतरावांचं फार कौतुक वाटलं, आणि डोकं फिरल्याचा तर्क मी मुकाट्यानं मागे घेतला.

शेवटी तो दिवस आला. मारोतराव सौंसरहून परतले आणि भिंतीशी येऊन उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं. "मास्तर, एकबी नाई दबलं. जातानी नाई, येतानी नाई. आता तिले नेतो."

मुहूर्त काढला. सकाळी गल्ली जमली. काकू नवं लुगडं नेसून उजव्या खुर्चीत बसल्या, हातात लिंबू. सवयीनं एक क्रेट मागच्या चिमुकल्या जागेत ठेवलाच होता. सामानाची पिशवी घेऊन मी स्कूटरवर मागे. चौकात पानवाल्यानं समोरून बघितलं आणि ओरडला, "अरे बाप्पा! काकू गाडी चालवून राहिल्या!" काकूंनी त्याच्याकडे बघून हात हलवला. एवढ्या खुशीत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

गाव संपलं, बगीचे लागले, आणि गाडी थांबली.

मी पोचलो तेव्हा काकू कडेला वाकल्या होत्या आणि मारोतराव त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. मी पाण्याची बाटली पुढे केली. काकूंनी चूळ भरली, तोंड पुसलं, बांधावर बसल्या. मारोतराव उठले, गाडीकडे गेले, क्रेटमधली संत्री एकेक करून दाबून बघायला लागले. वरची बघितली, खालची बघितली. "एकबी नाई दबलं," ते म्हणाले. "मंग असं काहून? माल तं एकदम ठीक हाय."

"माल ठीकच असन," काकू बांधावरून म्हणाल्या. "तुमी संत्र्याले इचारलं. टमाट्याले इचारलं. त्या मिस्त्रीले इचारलं. मले इचारलं काय कधी?"

मारोतरावांनी हातातलं संत्रं परत क्रेटमध्ये ठेवलं.

"तुले काय इचारू? त्या दिवशीचं मी इसरलो नाई. लोकाईनं तुले किती बोल लावले, अन् तू पदरात तोंड घालून रडली. तवाच ठरवलं, पक्कं झाल्याबिगर तुले गाडीत बसवाचं नाई."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "मास्तर, तुमीच सांगा आता. आमचं नवं लग्न. जामसांवलीले दर्शनाले निघालो बसनं. मी एका पाटलाच्या धोतरावर ओकली. लोक बोंबलले, कंडक्टरनं खाली उतरवलं. मंग आमी दोघं पायी घरी आलो." त्यांनी मारोतरावांकडे बघितलं. "घर माणसाईनं भरलेलं होतं. सासऱ्यासमोर हे माह्याशी बोलत नोते, दिवसभर वावरात, मी चुलीपाशी. त्या दिवशी रस्ताभर बोलले. शेतातला हरभरा उपटून देल्ला. माह्या पायात काटा गेला तं रस्त्यात बसून काढला. मी रडली ते उलीसक. बाकी रस्ताभर हासतच होती, ते काई यांच्या ध्यानात नाई. माह्या जन्मात तसा दिवस पुन्हा आला नाई. मी तं दरसाल वाट पायली, हे पुन्हा बसमधी बसवतीन अन् पुन्हा उतरा लागन म्हणून."

मी तोंड फिरवून एका झाडाकडे बघत राहिलो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

"मंग आता?" मारोतराव हळूच म्हणाले.

"आता काय? पोट्टी दूध घेऊन बसली असन." काकू उठल्या, लुगडं झटकलं. "गाडीत उलीसक बसतो, उलीसक चालतो. चला." आणि सौंसरच्या दिशेनं चालायलाच लागल्या.

मारोतरावांनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा काकूंच्या पाठमोऱ्या लुगड्याकडे. मग करगोट्याची किल्ली सोडली आणि माझ्या हातात दिली. "मास्तर, मांगून आणा. आराम से. अन् माल दबला तं..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. काकू पुढे गेल्या होत्या, आणि ते टोपी सावरत त्यांच्यामागे पळाले.

स्कूटर मी ओळखीच्या एका बगीच्यात लावली. मागच्या जागेतला क्रेट पुढच्या खुर्चीवर ठेवला, पट्टा बांधला, आणि स्प्रिंगांवरच्या पोत्यावर बसलो. ही गाडी हाती आली तर काय करायचं, ते मी मनात किती वेळा घोकून ठेवलं होतं. मोकळा रस्ता धरायचा, काटा पुढे न्यायचा, गावातून हॉर्न वाजवत जायचं. प्रत्यक्षात मी पहिल्या गिअरमध्ये दोन म्हाताऱ्या माणसांच्या मागून गेलो. ती दोघं थांबली की थांबायचं. काकू एखाद्या बगीच्यात बोट दाखवत, मारोतराव काहीतरी सांगत, दोघं हसत. एकदा मारोतराव रस्त्यात खाली बसले आणि त्यांनी काकूंचा पाय मांडीवर घेतला. काटा होता की नव्हता, मला काही दिसलं नाही. दमल्या की काकू गाडीत बसत, क्रेट मागे जाई आणि मारोतराव खिडकीला हात लावून शेजारून चालत. पोटात ढवळलं की पुन्हा उतरायचं.

सौंसरमध्ये शिरेपर्यंत दिवस मावळतीला आला होता. मुहूर्त केव्हाच गेला होता, भटजी जेवून घरी गेले होते. नव्या घराच्या दारात पुष्पा पातेलं घेऊन उभी. तिनं बघितलं की आई-बाबा धुळीनं भरलेल्या पायांनी चालत येताहेत आणि त्यांच्यामागून एक क्रेट गाडी चालवत येतोय. तिनं पातेलं जावयाच्या हातात दिलं आणि धावत येऊन आईला मिठी मारली. मग काकू तिचा हात धरून घरात गेल्या आणि चुलीशी बसल्या. दूध उतू गेलं तेव्हा आतून सगळ्यांचा एकदम आवाज आला, त्यात काकूंचा सगळ्यात मोठा.

मी क्रेट काढून मारोतरावांपुढे ठेवला. खालची संत्री मी वाटेत दोनदा तपासली होती आणि मला त्याचा अभिमान होता. पण त्यांनी क्रेटकडे बघितलंसुद्धा नाही. ते दाराशी पाय धूत होते.

पुष्पाचा शेजारी गाडीभोवती फिरून आला होता. त्यानं कौतुकानं विचारलं, "मारोतराव, कसा झाला मंग प्रवास?"

मारोतरावांनी तोंड उघडलं. त्यांच्या तोंडी काय येणार ते मला, सौंसरला आणि अख्ख्या पांढुर्ण्याला पाठ होतं. पण ते थांबले. त्यांनी आत, चुलीशी बसून लेकीशी बोलत असलेल्या काकूंकडे बघितलं.

"मले काय इचारता?" ते म्हणाले. "तिले इचारा."